मावशीचं जास्तीचं रक्त

आज मावशीचं साडेतीनशे मिली रक्त काढलं. रक्तदान नव्हे, हाच तिचा उपचार. भरत आलेल्या पिशवीकडे बघत ती म्हणाली, "आयुष्यभर सगळे म्हणाले, रक्त कमी आहे, बीट खा. आता जास्त झालं म्हणे!"

सुरुवात डोळ्यांपासून झाली. वाकलं की दोन-चार सेकंद अंधारी यायची, आडवं झालं की डोकं ठणकायचं. आम्ही चष्म्याचा नंबर बदलून आणला (शहाणे आम्ही!). मग थेंब घालून पडदा तपासला, तर दोन्ही डोळ्यांमागच्या नसा सुजलेल्या. मूळ दोष डोळ्यांत नव्हताच. एमआरआयमध्ये मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी दिसली. वाट तुंबली, कवटीतला दाब वाढला आणि तो थेट नसांवर आला. गुठळी झाली कारण रक्तच दाट झालेलं: हिमोग्लोबिन 19! आजाराचं नाव पॉलिसायथेमिया व्हेरा. यात अस्थिमज्जा गरज नसताना तांबड्या पेशी बनवत सुटते. जवळपास 95 टक्के रुग्णांत जॅक-2 या जनुकात बिघाड सापडतो. मावशीच्या तपासणीतही सापडला.

गरम पाण्याने अंघोळ केली की तिला अंगभर खाज सुटायची. आम्ही वर्षभर साबण बदलत बसलो. तेही याचंच लक्षण.

आता हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, 45 टक्क्यांच्या खाली ठेवायचा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. सूज उतरतेय. परतताना रिक्षातून तिने दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवल्या. घरी आल्यावर फ्रीज उघडून म्हणाली, "बीट टाकून देऊ, की कोशिंबीर करू तुला?"