ब्राउझरला चालते, जावाला का चालत नाही?

आमच्या टॉमकॅट (जावातील वेब-प्रोग्राम चालवणाऱ्या) सर्व्हरवर नूतनीकरण केलेले एसएसएल प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) बसवले, सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि ब्राउझरमध्ये पान कोणत्याही इशाऱ्याविना उघडले; मात्र त्याच सर्व्हरकडून माहिती घेणारा दुसरा जावा प्रोग्राम प्रत्येक विनंतीला ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ (विश्वासाच्या प्रमाणपत्रापर्यंतचा मार्ग जुळला नाही) ही त्रुटी देऊ लागला.

काम अडल्यामुळे घाई होती आणि त्या प्रोग्राममधली प्रमाणपत्राची पडताळणीच तात्पुरती बंद करावी, अशी सूचना पुढे आली. तिला मी ठाम विरोध केला, कारण पडताळणी काढली की मजकूर सांकेतिक रूपात (एन्क्रिप्टेड) राहतो, पण तो कोणाच्या हाती पडतो आहे याची कसलीच खात्री उरत नाही. शिवाय असे ‘तात्पुरते’ बदल वर्षानुवर्षे कोडमध्ये तसेच राहतात. नवे प्रमाणपत्र त्या प्रोग्रामच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासाच्या प्रमाणपत्रांच्या साठ्यात) हाताने घातले असते, तर त्रुटी गेली असती. पण पुढच्या नूतनीकरणाला पुन्हा उभी राहिली असती.

सर्व्हर प्रत्यक्षात काय पाठवतो, हे ओपनएसएसएल या साधनाच्या ‘एस-क्लायंट’ आज्ञेने बाहेरून पाहिले. सर्व्हरच्या प्रमाणपत्रापासून, ते देणाऱ्या संस्थांच्या प्रमाणपत्रांकडे जाणाऱ्या साखळीत ० क्रमांकाची एकच नोंद होती. तिच्यात प्रमाणपत्र देणारी म्हणून एका मध्यस्थ संस्थेचे नाव होते, पण त्या मध्यस्थाचे स्वतःचे प्रमाणपत्र असलेली १ क्रमांकाची नोंद नव्हती. जावाच्या कीटूल या साधनानेही सर्व्हरच्या कीस्टोअरमधील (किल्ली आणि प्रमाणपत्रे ठेवलेल्या फाइलमधील) साखळीची लांबी १ दाखवली. खासगी किल्ली आणि नवे प्रमाणपत्र एकत्र करून पीकेसीएस-१२ स्वरूपातली ही कीस्टोअर फाइल बनवताना मध्यस्थ प्रमाणपत्र वगळले गेले होते.

ब्राउझर निभावून नेतात ते याचमुळे, की त्यांच्याकडे मध्यस्थ प्रमाणपत्रे बहुधा आधीच साठवलेली असतात, किंवा प्रमाणपत्रातच दिलेल्या पत्त्यावरून काही ब्राउझर ती उतरवून घेतात. जावामध्येही तशी सोय आहे, परंतु ती मूळ मांडणीत बंद असते; म्हणून सर्व्हरने पूर्ण साखळी दिली नाही, तर आधीच विश्वास असलेल्या मूळ (रूट) प्रमाणपत्रापर्यंतचा मार्ग तिला जुळवता येत नाही.

मध्यस्थ प्रमाणपत्रासह फाइल नव्याने बनवली आणि टॉमकॅट पुन्हा सुरू केला. बाहेरून पाहिल्यावर ० आणि १ अशा दोन्ही नोंदी दिसल्या आणि दुसऱ्या प्रोग्राममधली एकही ओळ न बदलता विनंत्या सुरळीत झाल्या. नूतनीकरणाच्या टिपणात, ब्राउझरमध्ये पान उघडून पाहण्याच्या पायरीआधी, साखळीची ही बाहेरून करायची तपासणी मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवली.