गावच्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणताना

मी बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी डेटाबेसचं काम करतो. बसतो मात्र बेळगाव तालुक्यात, मार्कंडेय नदीकाठच्या आमच्या गावात. दिवसभराच्या कामात एकच गोष्ट परत परत तपासावी लागते: ठेवलेली माहिती हवी तेव्हा सापडते का? सापडत नसेल तर ती असून नसल्यासारखी. गावच्या वाचनालयात साहित्य संमेलनाच्या जुन्या स्मरणिका चाळताना हाच प्रश्न मनात आला, आणि पावसाळ्यात हातात घेतलेलं काम दिवाळी ओलांडून शिमग्यापर्यंत चाललं.

आमच्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, मग भाषणं, कथाकथन, कविसंमेलन. बेळगाव शहराने मोठी संमेलनंही पाहिली आहेत. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. २००० साली य. दि. फडके अध्यक्ष होते. त्या अध्यक्षांची भाषणं छापली गेली, ग्रंथालयांत पोचली, आजही वाचायला मिळतात. गावच्या संमेलनाची स्मरणिका मोजक्या प्रतींत निघते, पाहुण्यांना आणि जाहिरातदारांना वाटली जाते आणि संपते. तिच्यात एखाद्या शेतकऱ्याची कविता असते, शाळा कशी उभी राहिली ते असतं, भजनी मंडळाची आणि तालमीची हकिकत असते. हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून मला या पातळ अंकांचं मोल जास्त वाटतं.

वाचनालयाचे चिटणीस म्हणजे आमचे निवृत्त गुरुजी. त्यांना म्हटलं, "गुरुजी, हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊया."

"कॉम्प्युटरवरच केलेलं हाय की रे. सीडी बघ त्या कपाटात."

सीडी होत्या. काही वाचल्याच गेल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांत पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फायली निघाल्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आजच्या संगणकावर ते धड चालत नाही. बेळगावच्या शहापुरातल्या एका डीटीपीवाल्या मामांकडे विंडोज एक्सपीचा जुना संगणक अजून जिवंत होता. "घेऊन जा, खरं परत आणून दे," ते म्हणाले. "जुन्या गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका हाईत त्यात." एवढा विश्वास ठेवून त्यांनी तो दिला, म्हणून पुढचं सगळं घडलं.

फाइल उघडली तेव्हा पडद्यावर सुरेख मराठी होतं. तोच मजकूर उचलून साध्या एडिटरमध्ये टाकला आणि इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा खच पडला. याचं कारण नीट सांगतो, कारण आपल्याकडच्या कितीतरी संस्थांच्या कपाटांत हीच परिस्थिती आहे.

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी संगणकाची सामायिक पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. छपाईच्या धंद्यात मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं जुने फाँटच चालले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा संचांतले हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत, आणि कुठल्या जागेवर कुठला आकार हे प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं. आमच्या फायलींत 'मराठी' हा शब्द अंडरस्कोअर, छोटा ए, छोटा एम, मोठा आर, 'पेक्षा मोठे'चं चिन्ह आणि छोटा आर असा साठवलेला होता. फाँट हाताशी असेतोवर डोळ्यांना मराठी दिसतं, फाँट गेला की काहीच उरत नाही. संगणकाच्या लेखी ते मराठी कधी नव्हतंच. पीडीएफ केल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. पीडीएफ आपल्या पोटात फाँट ठेवते, त्यामुळे पान छान दिसतं, पण त्यात आजोबांचं नाव शोधा, सापडणार नाही.

आधी जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे नेटवरचे फुकट कन्व्हर्टर वापरून पाहिले. त्यांतले बरेच हिंदी मजकूर समोर ठेवून बनवलेले. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'शेतकऱ्यांचा' या शब्दांतला अर्धा र हिंदीला लागत नाही, म्हणून ते सरळ रफार देऊन मोकळे होतात. आमच्या स्मरणिकांत शेतकरी पानोपानी येतो. तो प्रत्येक ठिकाणी चुकीचा छापलेला मला चालणार नव्हता. शेवटी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतःचा कन्व्हर्टर लिहिला.

जुन्या चिन्हाला नवं अक्षर असा तक्ता करायला फार दिवस लागले नाहीत. कस लागला तो क्रमाचा. जुन्या फाँटमध्ये मजकूर हाताने लिहावा तसा डावीकडून उजवीकडे साठवतात, म्हणून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो, तिथे ती अक्षरानंतर हवी. 'किती'मध्ये हे सोपं आहे. 'स्थिती'मध्ये वेलांटी अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडून पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलटं आहे. 'सूर्य' लिहिताना तो शेवटी डोक्यावर चढतो, पण साठवताना य-च्या आधी हवा, आणि 'दुर्गा'सारख्या शब्दात मधल्या कान्याला ओलांडून मागे न्यावा लागतो. त्यात ग, ण, श यांसारखी अक्षरं दोन तुकड्यांत साठवलेली, अर्धं अक्षर वेगळं आणि उभा दंड वेगळा. म्हणून नियम कुठल्या क्रमाने लावायचे हे फार महत्त्वाचं. लांब जुळण्या आधी, तुकडे नंतर, वेलांटी आणि रफार सगळ्यात शेवटी. ऑफिसातल्या कुठल्याही प्रकल्पापेक्षा या शे-दीडशे ओळींत मी जास्त रमलो. आपण रोज सहज लिहितो ती लिपी किती विचाराने बांधलेली आहे हे तिचे तुकडे जोडताना कळतं.

एक धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. 'मोठा'मधली ओकाराची खूण एका क्रमांकाची असते. तीच काना आणि मात्रा असे दोन क्रमांक जोडूनही बनते, आणि बहुतेक फाँट दोन्ही सारखंच दाखवतात. शोध घेतला की दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच. त्याला २००८ साली स्वतंत्र क्रमांक मिळाला, पण 'अ'वर चंद्र ठेवून केलेला दुसरा प्रकारही सगळीकडे फिरतो. म्हणून रूपांतरानंतर सगळा मजकूर एकाच पद्धतीवर आणणारा आणखी एक टप्पा ठेवला. हा टप्पा टाळला असता तर मजकूर निर्दोष दिसला असता आणि अर्ध्या शोधांना उत्तरच आलं नसतं.

मग तपासणी. सगळ्या अंकांतले वेगवेगळे शब्द काढून, कुठला किती वेळा आला ते लावून यादी केली. एकदाच आलेल्या शब्दांत चुका भराभर सापडतात. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमने मात्र आमच्या कथांतले संवादच्या संवाद लाल केले. 'करायलाय', 'येतंय बघ', कानडीतून आलेले घरगुती शब्द, गावांची नावं, सगळं त्याला चूक. गुरुजींनी निकाल दिला, "छापलंय तसंच राहू दे. बोलतोय तसं लिहिलंय पोरानं." मला तो मनापासून पटला. पुण्या-मुंबईच्या छापील मराठीवर शिकलेलं यंत्र सीमाभागातलं मराठी दुरुस्त करायला निघालं, तर त्याला थांबवणारं माणूस शेजारी हवंच. आपोआप सुधारणा मी पूर्ण बंद केली. प्रत्येक शंका माणसाने बघायची, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

ज्या अंकांची फाइलच नव्हती ते स्कॅन करून टेसरॅक्टला दिले. पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारा हा ओसीआर प्रोग्रॅम मोफत आहे आणि त्यात मराठीची सोय आहे. पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, आणि सरळ स्कॅन केलं तर ऑफसेटवर छापलेला मजकूर तो चांगला ओळखतो. धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पानांत व आणि ब, घ आणि ध, थ आणि य यांची अदलाबदल होते. तिथे एकाने मूळ पान मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायचं, ही गुरुजींची पद्धत सगळ्यात पक्की ठरली. कॉलेजात जाणारी गावातली पोरं-पोरी संध्याकाळी येऊन बसायची. लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात वाचन चालू.

सोबत परवानग्या घेत होतो. स्मरणिका गावाने छापली तरी कवितेवरचा हक्क कवीचा असतो, आणि आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. एका कागदावर मराठीत चार ओळींचं संमतिपत्र केलं आणि गुरुजींबरोबर घरोघरी गेलो. बहुतेकांनी लगेच सही केली. एका काकूंनी नवऱ्याच्या कवितेखाली सही करण्याआधी ती आमच्याकडून वाचून घेतली, मग त्यांच्या न छापलेल्या कवितांची वही बाहेर काढली. एका गृहस्थांना आपली जुनी कथा परत लोकांपुढे नको होती. ती वगळली. तंत्रज्ञानावर बोलताना आपण हा भाग फार घाईत उरकतो. उचललं आणि टाकलं नेटवर, ही सवय मला मान्य नाही.

या निमित्ताने टायपिंगबद्दलचं माझं मत पक्कं झालं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मं मराठी रोमन अक्षरांत येतं. आवाजाने टाइप करायची सोय चांगली आहे, माझी आई तिच्यावरच चालवते. पण ज्याला रोज लिहायचंय त्याने इनस्क्रिप्ट शिकावं. १९८६ साली प्रमाण ठरलेला हा कीबोर्ड बहुतेक भारतीय लिप्यांना सारखा आहे, क जिथे मराठीत तिथेच कानडीत. युनिकोडमध्येही या दोन लिप्यांची मांडणी समांतर आहे. बेळगावात ज्याला दुकानाची पाटी, बँकेचा अर्ज आणि लग्नाची पत्रिका दोन्ही भाषांत करावी लागते, त्याला एकदा बोटं बसली की दोन्हीकडे चालतात. वाचनालयात आम्ही मुलांना तेच शिकवतो, आणि ती ज्या वेगाने उचलतात ते बघून फार बरं वाटतं.

तयार मजकूर साध्या टेक्स्ट फायलींत, यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या रूढ पद्धतीत ठेवला आहे. त्यावरून ई-पुस्तक आणि पीडीएफ बनवले. एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक गावाबाहेर. कुठलं सॉफ्टवेअर उद्या बंद पडेल कोण सांगणार, साधी टेक्स्ट फाइल उघडायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

यंदाची स्मरणिका सुरुवातीपासून युनिकोडमध्ये केली. मामांनी मुक्ता हा मोफत फाँट वापरला. इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं फुटत होती, ती त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडल्यावर जागेवर आली. छापायला फाइल गेली त्याच दिवशी मजकूर वाचनालयात जमा झाला.

नव्वदीच्या सुरुवातीचे काही अंक अजून मिळालेले नाहीत. तेव्हा शाळेत असलेल्या मुलींच्या कविता त्यांत आहेत, आणि लग्नानंतर त्या चंदगड, खानापूर भागात गेल्या. आपलं नाव छापलेला अंक कुणीतरी नक्की जपून ठेवला असेल असं गुरुजींना वाटतं. मे महिन्यात यात्रेला माहेरवाशिणी गावात येतील तेव्हा विचारायचं ठरलंय. स्कॅनर देवळाजवळच्या वाचनालयात लावूनच ठेवणार आहोत, म्हणजे अंक त्यांच्या हातातून एका दिवसाहून जास्त घ्यावा लागणार नाही.