काळी बाटली, नारिंगी मुळं

ठरल्यापेक्षा लवकर लिहितेय, कारण तीन आठवडे ज्या बाटलीवर भिस्त ठेवली तिच्यात शून्य-संयुजी, म्हणजे धातुरूप, लोह नाहीच, असं आता दिसतंय.

मातीतलं शिसं मोहरीनं पानांत ओढावं म्हणून लोहाचे नॅनोकण घालून पाहत होते. मांडणी मागच्या नोंदीतलीच: शिसं असलेली माती, मोहरीच्या सहा कुंड्या, तीन साध्या पाण्यावर, तीन चहापत्तीच्या अर्कात हिराकस (फेरस सल्फेट) घालून केलेल्या द्रावणावर. द्रावण क्षणात काळंभोर झालं होतं, लेझरचा किरण आत लख्ख दिसला होता आणि मी नॅनोकण झाले असं धरून चालले. आता द्रावणाच्या तिन्ही कुंड्या मागे पडल्यात, कोवळी पानं पिवळी. एक रोप उपटलं तर मुळांवर नारिंगी साय. भिंगाखाली मूळकेस एकमेकांना चिकटलेले, नखानं खरवडलं की गंजासारखी पूड निघते.

उलगडा झाला तो वहीमुळे. तिच्यावर द्रावणाचा थेंब सांडला आणि सकाळी तिथे पक्का काळा डाग, अगदी शाईचा. शाईच ती! हिरडा आणि हिराकस यांची शाई अशीच होते. चहा-हिरड्यातलं तुरट टॅनिन आणि लोह भेटले की काळं होणारच. डागावर ऑक्झॅलिक आम्ल टाकलं तर तो फिका पडला. बाटलीला रात्रभर चुंबक लावून ठेवला, भिंतीला काही जमलं नाही. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात एकही बुडबुडा नाही. धातुरूप लोह असतं तर हायड्रोजन निघाला असता. आणि लेझरचा किरण कुठल्याही कलिलात, म्हणजे बारीक कण तरंगणाऱ्या द्रवात, दिसतो. चहाच्या अर्कानं लोहकण केल्याचे दावे वाचताना यापुढे फोटोतला काळा रंग पुरावा मानणार नाही.

नॅनो-लोहाची विकतची बाटली सुचवणाऱ्यांना: एक मागवली होती. लेबलवर फक्त 'नॅनो', आकाराचा आकडा नाही, आणि साध्या सूक्ष्मदर्शकात ढेकळं दिसली. 100 नॅनोमीटरच्या आतला सुटा कण त्यात असा दिसूच शकत नाही.

म्हणून काल रात्री मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय काळं ऑक्साइड, केलं. लोहाचे फेरिक आणि फेरस क्षार 2:1, उकळून गार केलेलं पाणी, ढवळत अमोनिया. चुंबक जवळ नेला आणि काळा गाळ पूर्णच्या पूर्ण त्याच्याकडे सरकला. किती वेळ तेच करत बसले! सीएमसी (कण सुटे ठेवणारा सेल्युलोजचा डिंक) नसलेली नळी तासाभरात तळाला बसली, सीएमसीची अजून तरंगतेय.

लिहिता लिहिता एक वाटतंय. लोहाच्या ऑक्साइडवर शिसं घट्ट बसतं, आणि मोहरीतही बरंचसं शिसं मुळातच अडकतं, वर फारसं चढत नाही. मग ते पानांत चढवण्याचा हट्ट का? मातीत बांधून ठेवणं हेच उद्दिष्ट धरलं तर? ईडीटीए (धातूला पकडून पाण्यात विरघळवणारं रसायन) घालून ते सुटं करायला मी मुळीच तयार नाही, पाण्याबरोबर खाली झिरपेल. तर पानं आणि मुळं वेगळी तपासायला देणार, मुळांवरची साय आधी डायथायोनाइट-सायट्रेटनं (लोहाचा गंज विरघळवणारं द्रावण) उतरवून तीही वेगळी. नाहीतर सायीतलं शिसं मुळाच्या खात्यावर जमा होईल.

नवी फेरी बारा कुंड्यांची: साधं पाणी, नुसता अर्क, नुसतं हिराकस, मॅग्नेटाइट, प्रत्येकी तीन. मधल्या दोन पहिल्याच फेरीत हव्या होत्या. सामूसाठी (pH) मातीत खुपसायचं सुईवालं मीटर बंद. एक भाग माती, अडीच भाग पाणी, हलवून मगच मोजणार. उपटलेलं रोप बंद पिशवीत नाव घालून ठेवलंय, कंपोस्टात टाकायचं नाही.

बी आज भिजत घातलंय.