फिनलंडमध्ये बाबागाडी घेऊन फिरताना

हेलसिंकी आणि तिच्या शेजारच्या एस्पो, व्हांता या शहरांत एक नियम आहे, जो नव्याने आलेल्या माणसाला आधी खराच वाटत नाही. सात वर्षांखालील मुलाला बाबागाडीत बसवून निघालेल्या मोठ्या माणसाला बस, ट्राम, मेट्रो किंवा लोकल गाडी यांपैकी कशाचेही तिकीट लागत नाही. मुलाचे तिकीट या वयापर्यंत माफ असतेच, पण येथे बाबागाडी ढकलणाऱ्याचेही माफ होते. यामागे उदारपणा असेल, पण त्याहून अधिक साधा हिशेब आहे. बाबागाडी बसच्या मधल्या रुंद दारातून आत जाते आणि तिकीट पूर्वी पुढे चालकापाशी मिळत असे. म्हणजे तिकीट काढायचे तर चालत्या बसमध्ये मुलाला मागे एकटे सोडून आईने किंवा वडिलांनी पुढे जायचे. हा धोका पत्करण्यापेक्षा तिकीटच नको, असे ठरले. आता तिकिटे फोनवर निघतात, तरीही नियम टिकून आहे, आणि तो काढून टाकण्याची हिंमत कोणी करील असे मला वाटत नाही.

माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा आमच्या मुलीची बाबागाडी घेऊन ट्राममध्ये बसल्यावर त्यांची नजर सारखी माझ्या हातांकडे जात होती. शेवटी न राहवून त्यांनी हळूच विचारले, "अगं, तिकीट काढलंस का?" मी म्हटले, "तुमचं काढलंय, आई. मला लागत नाही, ही गाडीत बसली आहे ना." त्यावर थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "आपल्याकडे पोराला मांडीवर घे म्हणतात, म्हणजे त्याचं तिकीट वाचतं. इथे पोरानंच आईचं वाचवलं!" मग त्यांनीही गाडीच्या दांड्याला हात लावून पाहिला, पण सवलत एका बाबागाडीमागे एकाच माणसाला असते. शिवाय मूल कडेवर किंवा झोळीत असेल तर सवलत मिळत नाही, गाडी हवीच. त्यामुळे चांगले धावते-पळते पाच वर्षांचे मूल गुडघे पोटाशी घेऊन गाडीत कोंबलेले अधूनमधून दिसते. ते कशासाठी, हे डब्यातल्या सगळ्यांनाच ठाऊक असते.

लहान मुलांना घेऊन या देशात फिरणे सोपे का जाते, याचा विचार करताना मला लोकांच्या चांगुलपणापेक्षा या रचनेचेच महत्त्व अधिक वाटते. फिनिश माणसे प्रेमळ नाहीत असे नव्हे, पण ती अबोल असतात. अनोळखी बाळाचे गाल ओढणारे, "किती महिन्यांचं आहे?" असे विचारणारे येथे विरळाच. त्यामुळे मदतीसाठी कोणाकडे तरी पाहावे लागणे, हाच येथे अवघड प्रसंग ठरला असता, आणि बहुतेक वेळा तो येत नाही. बसच्या मधल्या दाराशेजारी बाहेरच्या बाजूला बाबागाडीचे चित्र असलेले एक बटण असते. ते दाबले की चालकाला कळते, दार उघडते, गरज पडल्यास बस कडेला थोडी झुकते, आणि गाडी न उचलता सरळ आत जाते. आत त्याच दारासमोर मोकळी जागा ठेवलेली असते. तेथे गाडीचे तोंड बसच्या मागच्या दिशेला करायचे आणि ब्रेक लावायचा. उतरण्यासाठीही तसेच वेगळे बटण असते, म्हणजे दार जरा जास्त वेळ उघडे ठेवायचे आहे, हे चालकाला आधीच समजते. या सगळ्यात कोणाशी एक शब्दही बोलावा लागत नाही, आणि मुंबईच्या लोकलमध्ये मूल, पिशवी आणि पदर एकाच वेळी सांभाळलेल्या माझ्यासारखीला या न बोलण्याची किंमत नीट समजते.

अर्थात जागेला मर्यादा आहे. साधारणपणे एका बसमध्ये दोन बाबागाड्या नीट मावतात. तिसरी आली आणि जागा नसेल तर पुढच्या बसची वाट पाहावी लागते, आणि चाकाच्या खुर्चीतील प्रवासी आल्यास त्याचा हक्क आधीचा असतो. मेट्रोत आणि लोकलमध्ये ही अडचण कमी येते, कारण फलाट आणि डब्याची जमीन जवळजवळ एकाच पातळीवर असते. १९८२ मध्ये सुरू झालेली मेट्रो २०१७ मध्ये एस्पोत शिरली आणि २०२२ मध्ये आणखी पश्चिमेला गेली. या नव्या भागातली स्थानके खडकात खोल कोरलेली आहेत आणि वरपर्यंत यायचे ते लिफ्टनेच. लिफ्ट बंद पडली, तर मात्र सरकत्या जिन्यापाशी बाबागाडी घेऊन उभे राहिलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या व्यवस्थेचा सगळा भार एका यंत्रावर होता, हे कळून चुकते. विमानतळावरून शहरात येणारी लोकल २०१५ पासून धावते आणि साधारण अर्ध्या तासात मध्यवर्ती स्थानकावर पोहोचवते. मुलांसह पहिल्यांदा येणाऱ्यांना मी टॅक्सीऐवजी हीच सुचवते.

लांबच्या प्रवासाला दुमजली इंटरसिटी गाड्या आहेत. त्यांच्या एका डब्यात खाली बाबागाड्या ठेवायला जागा असते आणि वरच्या मजल्यावर मुलांसाठी खेळण्याचा कोपरा, त्यात चित्रांची पुस्तकेही असतात. हेलसिंकीहून तांपेरे शहरापर्यंतचा दीड-पावणेदोन तासांचा प्रवास आमची मुलगी तेथेच काढते, आणि आम्हा दोघांपैकी एकजण जिन्याच्या तोंडाशी पहाऱ्याला बसतो. तिकीट काढताना याच डब्यातली आसने मागून घ्यावीत. त्यातल्या गोंगाटाबद्दल कोणी तोंड वाकडे करीत नाही. शांतता हवी असलेली माणसे दुसऱ्या डब्यात बसलेली असतात, आणि सगळ्यांचेच बरे चालते.

हिवाळ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण भारतातून येणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांची पहिली भीती तीच असते. बर्फ पडला की मुले घरात कोंडली जातील, असे मलाही वाटे. प्रत्यक्षात येथे मूल रोज बाहेर काढणे हा जणू घरधर्मच आहे. दुपारची झोप बाळाने बाबागाडीत, उघड्या हवेत घ्यावी ही येथली जुनी रीत आहे. बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्प्पो यांनी मोकळ्या हवेचे महत्त्व पालकांच्या मनावर बिंबवले, आणि गर्भवती व बालके यांच्या तपासणीसाठीची 'नेउवोला' नावाची केंद्रेही १९२२ पासून त्यांच्याच प्रयत्नांतून उभी राहू लागली. आजही गच्चीत किंवा अंगणात गाडी उभी असते, आत बाळ नखशिखान्त गुंडाळलेले, बाहेर फक्त नाकाचा शेंडा. सासूबाईंना हे दृश्य शेवटपर्यंत पटले नाही, आणि खरे सांगायचे तर उणे दहाच्या आसपास माझाही धीर सुटतो.

बर्फातून गाडी ढकलणे ही मेहनत आहे, यात शंका नाही. येथल्या बाबागाड्यांची चाके मोठी आणि हवा भरलेली असतात, ती उगीच नव्हे. भारतातून आणलेल्या, घडी घालता येणाऱ्या हलक्या गाडीची छोटी चाके पहिल्याच बर्फात रुतून बसतात. पदपथांवरचा बर्फ यंत्राने बाजूला सारतात आणि घसरू नये म्हणून वर बारीक खडी टाकतात. ही खडी चाकांत अडकते, बुटांतून घरात येते, आणि वसंतात ती झाडून काढेपर्यंत शहरभर धूळ उडत राहते. अंधार लवकर पडतो, म्हणून मुलांच्या कपड्यांवर आणि गाडीच्या दांड्यावर प्रकाश पडताच चमकणारे तुकडे लावलेले असतात. ही हौस नव्हे. अंधारात पायी चालणाऱ्याने ते वापरावेत, असे येथला वाहतुकीचा कायदाच सांगतो. बाळाचा पहिला अंगभर हिवाळी पोशाख तर सरकारकडून घरी येतो. गर्भवतींना मिळणाऱ्या, बाळाच्या कपड्यांनी आणि गरजेच्या वस्तूंनी भरलेल्या ज्या खोक्याची जगभर चर्चा होते, त्यात तो असतो. १९३८ मध्ये हे खोके गरीब मातांसाठी सुरू झाले आणि १९४९ पासून सर्वांना मिळू लागले. ते घ्यायचे तर गर्भारपणात वेळेवर तपासणीला जावे लागते, आणि यातली खरी हुशारी मला त्या अटीतच दिसते.

ट्राममध्ये सकाळी दहाच्या सुमारास पाळणाघरातल्या मुलांची टोळी चढते, ते पाहण्यासारखे असते. सगळ्यांच्या अंगात भडक पिवळ्या बंड्या, आणि हातात एक लांब दोरी, तिला थोड्या-थोड्या अंतरावर कड्या. प्रत्येकाने आपली कडी धरून ठेवायची. पुढे एक शिक्षिका, मागे एक. ओरडाआरडा नाही, मोजणी मात्र चढताना एकदा आणि उतरताना एकदा. ही मुले बहुधा कोठल्यातरी वाचनालयाकडे किंवा बागेकडे निघालेली असतात.

पोहोचल्यावर काय, हाही प्रश्न फिरण्याचाच भाग आहे, कारण लंगोट बदलायला आणि खाऊ घालायला जागा नसेल तर मोफत ट्रामचा उपयोग काय? संसदेसमोरचे ओदी वाचनालय ५ डिसेंबर २०१८ रोजी उघडले. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर मुलांच्या पुस्तकांपाशी बाबागाड्यांची अशी गर्दी असते की आपली कोणती, हे शोधावे लागते. मोठ्या दुकानांच्या संकुलांत बाळांसाठी वेगळी खोली असते, तीत बहुधा मायक्रोवेव्हही असतो. डब्यातली मऊ खिचडी मी तेथे कित्येकदा गरम केली आहे, आणि तुपाचा वास सुटल्यावर शेजारच्या आईने त्याबद्दल विचारल्याचेही आठवते. अनोळखी माणसाने आपणहून बोलणे सुरू केल्याचा तो येथला दुर्मिळ प्रसंग. उन्हाळ्यात हेलसिंकीच्या बागांमध्ये सोळा वर्षांखालील मुलांना दुपारी फुकट जेवण मिळते. युद्धकाळात, १९४२ मध्ये सुरू झालेली ही प्रथा अजून चालू आहे. ताटली आणि चमचा आपला आपण न्यायचा, रांगेत उभे राहायचे, आणि गवतावर बसून जेवायचे.

बागेत दुपारी जितक्या आया दिसतात, जवळजवळ तितकेच बाबाही दिसतात. ऑगस्ट २०२२ पासून आई आणि वडील दोघांनाही प्रत्येकी १६० दिवसांची पालकत्व रजा मिळते. असे असूनही या देशातला जन्मदर गेल्या दशकात बराच घसरला आहे. तेव्हा सोयी वाढल्या की मुले वाढतात, असा सरळ हिशेब कोणी मांडू नये.

सगळे शहर मात्र चाकांसाठी बांधलेले नाही. सिनेट चौकाभोवतीच्या दगडी फरशांवर गाडी आणि तिच्यातले मूल दोन्ही खडखडतात. बाजारचौकातून सुमारे पंधरा मिनिटांच्या बोटीने सुओमेनलिन्नाच्या किल्ल्यावर जाता येते. ही बोटही शहराच्या वाहतुकीतच मोडते. पण १७४८ पासून बांधलेल्या त्या किल्ल्याचे गोटे आणि चढ बाबागाडीची परीक्षा पाहतात. तेथे मूल पाठीवर घेतलेले बरे, आणि मग तिकीट काढायला विसरू नये. जुन्या इमारतींतल्या लिफ्टही अरुंद असतात. गाडी आत आणि आपण जिन्याने, असे करायचा मोह होतो, तो टाळावा आणि गाडीची घडी घालावी.

मूल सात वर्षांचे झाले की ही सवलत संपते. तेव्हा त्याला स्वतःचे, मोठ्यांच्या निम्म्या दराचे तिकीट लागते, आणि त्याच वर्षी त्याची शाळाही सुरू होते, जिच्याकडे बरीच मुले एकटीच चालत किंवा बसने जातात. आमच्या मुलीला त्या वयाला अजून अवकाश आहे. तिच्या वडिलांच्या मते ती पहिल्याच आठवड्यात एकटी जाईल. माझे मत वेगळे आहे, आणि त्यावर घरात सध्या वाद चालू आहे.