‘डझन्ट हाफ हर्ट’ म्हणजे नेमकं किती दुखतंय?

उत्तर इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मी ट्रायेजला असते. आलेल्यांपैकी कुणाला आधी आत घ्यायचं, हे ठरवायचं काम. मँचेस्टर ट्रायेज पद्धतीत असह्य वेदना म्हणजे केशरी रंग, 10 मिनिटांत डॉक्टर. किरकोळ दुखणं हिरव्यात जातं, तिथे 2 तासही बसावं लागतं.

त्या दुपारी सांगलीकडची, नुकतीच आलेली एक नर्स माझ्यासोबत होती. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा कमरेला हात लावून बसले होते. मुतखडाच असणार, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं. दुखतंय का विचारल्यावर म्हणाले, ‘इट डझन्ट हाफ हर्ट, लव्ह.’ तिने हिरवा निवडला. मुलगी हुशार, ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, पहिल्याच फटक्यात पास. पण ही बोलीभाषा त्या तयारीत कुठून येणार?

‘अगं थांब, भयंकर दुखतंय म्हणाले ते.’

‘पण ताई, अर्धंही दुखत नाही म्हणाले ना?’

‘आपण नाही का म्हणत, थोडंथोडकं नाही दुखत? तसंच.’

आजोबांच्या वरच्या ओठावर घाम साचला होता, खुर्चीचा दांडा धरलेली बोटं पांढरी पडली होती. दहापैकी किती, विचारलं. ‘नऊ.’ बीपी उतरलेलं. या वयाच्या पुरुषाला पहिल्यांदाच मुतखड्यासारखी कळ आली, तर पोटातली महाधमनी फुगून फुटली नाही ना, हे आधी बघावं लागतं. सोनोग्राफीत एरवी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असणारी ती 7 सेंटिमीटर भरली. सीटी होऊन लगेच ऑपरेशन थिएटर. इंग्लंडमध्ये पुरुषांना 65व्या वर्षी याच सोनोग्राफीचं बोलावणं येतं. ते गेलेच नव्हते, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. माणूस वाचला, याचा आनंद मला आजही आहे.

ड्युटी संपल्यावर ती नर्स माझ्यामागे लागली, सगळं नीट सांगा. ‘ही कान्ट हाफ टॉक’ म्हणजे बोलायला लागला की ऐकत नाही. कुणी काही विचारल्यावर नुसतं ‘नॉट हाफ!’ म्हणजे ‘तर काय!’. ‘नॉट हाफ बॅड’ म्हणजे मात्र बऱ्यापैकी चांगलं, इथे नकार खराखुरा. आणि पेशंट ‘नॉट हाफ ॲज बॅड’ म्हणाला, तर दुखणं आधीच्या निम्म्यानेही उरलेलं नाही, म्हणजे औषध लागू पडलंय.