चित्रांचा मुक्काम

घराजवळच्या कलादालनाचं एक बरं असतं, तिथे एकदा जाऊन भागत नाही. नावाजलेल्या मोठ्या संग्रहालयात माणूस आयुष्यात कधीतरी एकदा जातो, पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडतो आणि 'पाहून झालं' म्हणून मोकळा होतो. जवळच्या दालनात दर दोन-तीन महिन्यांनी भिंतींवरचं बिऱ्हाड उठतं. उन्हाळी प्रदर्शन जातं, हिवाळी येतं, मध्येच छायाचित्रांचं, मध्येच मातीच्या भांड्यांचं. जिना तोच, दारापाशी खुर्चीत बसलेले रखवालदार तेच, अभिप्राय वहीला दोरीने बांधलेलं न उमटणारं पेनही तेच. भिंती मात्र दर खेपेला परक्या.

इतकी उलथापालथ कशाला, असं पुष्कळांना वाटतं. चांगली चित्रं आहेत तर राहू द्यावीत की वर्षभर! याचं एक रोकडं उत्तर त्या अभिप्राय वहीतच असतं, तक्रारीच्या रूपात. 'चित्रं छान, पण दालनात फार अंधार. दिवे वाढवावेत.' जलरंगांचं प्रदर्शन असलं की ही तक्रार ठरलेली. तो अंधार मुद्दाम केलेला असतो. कागदावरच्या कामाला साधारण 50 लक्सच्या वर उजेड देऊ नये असा दंडक आहे; लक्स हे उजेड मोजायचं माप. तैलचित्रांना 200 लक्सपर्यंत चालतो. बाहेर लख्ख उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना 50 लक्स म्हणजे काळोखच. थोडी मिनिटं धीर धरला तर रंग एकेक करून वर येऊ लागतात, पण तोवर माणूस वहीपाशी पोचलेला असतो.

उजेडाने झालेली झीज भरून येत नाही. कपाटात ठेवलेलं चित्र 'विश्रांती घेऊन' ताजंतवानं होतं, असं बोलायची पद्धत आहे. प्रत्यक्षात कपाटात खर्च थांबतो, एवढंच. किती उजेड आणि किती तास, यांचा गुणाकार चित्राच्या खात्यावर चढत राहतो आणि विटलेला गुलाबी पुन्हा गुलाबी होत नाही. म्हणून कागदावरचं काम काही आठवडे बाहेर आणि मग बराच काळ आत.

हेन्री वॉन नावाच्या इंग्रज संग्राहकाने याचा फार आधी विचार करून ठेवला होता. 1900 साली टर्नर या इंग्रज चित्रकाराची 38 जलरंगचित्रं त्याच्या मृत्युपत्रानुसार एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनाकडे आली ती अटीसह. वर्षातून फक्त जानेवारी महिन्यात, सगळी एकत्र आणि विनामूल्य दाखवायची. जानेवारीच का, तर तिकडे त्या महिन्यात दिवस आखूड असतात आणि सूर्य मलूल. उरलेले अकरा महिने चित्रं पेटीबंद. त्यांचे रंग अजून टवटवीत आहेत याचं श्रेय या अटीला देतात. मला ही अट फार आवडते. दान देताना आपलं नाव केवढ्या अक्षरांत लागणार याची चौकशी करणारे खूप. या गृहस्थाने सूर्याची चौकशी केली.

जुनं प्रदर्शन उतरून नवं लागेपर्यंत दालनाच्या दारावर 'बंद' अशी पाटी असते. ओळखीपाळखीने त्या दिवसांत आत डोकावता आलं तर जरूर डोकवावं. उद्घाटनाच्या भाषणांपेक्षा तिथे कितीतरी जास्त कळतं. चित्रं जमिनीवर, फोमच्या तुकड्यांवर, भिंतीला टेकून उभी असतात. मागच्या खेपेची भोकं पुट्टी भरून बुजवलेली, वर रंगाचा हात फिरवलेला. मग टेप निघते. चित्रांचे वरचे काठ एका रेषेत आणायचे, असं आपल्याला वाटतं. आणायचे असतात मध्य. जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर, म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. चौकटीची उंची निम्मी करायची, मागची तार ताणल्यावर वरच्या काठापासून जितकी खाली राहते तितकं त्यातून वजा करायचं आणि उरलेलं मध्याच्या उंचीत मिळवायचं. तिथे खिळा. गणित पाचवीतलं, पण शिडीवर उभं राहून, तोंडात पेन्सिल धरून करताना भल्याभल्यांची फे फे उडते. कोणीतरी लांब उभं राहून 'डावीकडे घ्या, अजून जरा, जास्त झालं' असं सांगत असतं आणि शिडीवरचा माणूस मनात काय म्हणतो ते त्याच्या मानेवरून कळतं.

दोन चित्रांमध्ये जागा किती सोडायची, कोणाशेजारी कोणाला लावायचं, याला मात्र टेप उपयोगाची नाही. एक शांत, राखाडी, धुकट चित्र. त्याच्या शेजारी लालभडक काहीतरी लावलं की राखाडी संपलंच. तेच दोन हात पलीकडे, पिवळट मातकट रंगाच्या चित्राशेजारी नेलं की त्यात निळा दिसायला लागतो, जो आधी कोणालाच दिसला नव्हता. अख्खी दुपार या अदलाबदलीत जाते. प्रेक्षकाला याचा पत्ताही लागत नाही, आणि लागू नये हेच कामाचं यश.

उंचीवरून भांडणं तर जुनीच आहेत. लंडनच्या रॉयल अकॅडमीचं उन्हाळी प्रदर्शन 1769 पासून एकही वर्ष न चुकता भरत आलं आहे. पूर्वी तिथे चौकटीला चौकट भिडवून पार छतापर्यंत चित्रं लावत. वर गेलेलं चित्र वाया गेलं म्हणून समजायचं. 1784 साली गेन्सबरो या चित्रकाराने आपलं राजकन्यांचं चित्र खाली, लोकांना नीट दिसेल असं लावा, म्हणून हट्ट धरला. अकॅडमीने नियमावर बोट ठेवलं. तसा तो सगळी चित्रं काढून घेऊन चालता झाला आणि पुन्हा त्या प्रदर्शनाकडे फिरकला नाही. स्थानिक चित्रकारांच्या खुल्या प्रदर्शनात 'माझंच का जिन्याखाली?' असा सूर कानावर आला की मला गेन्सबरो आठवतो. परंपरा सांभाळली जातेय म्हणायची.

आणि एवढं मोजूनमापूनही 1961 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातीसचं 'ल बातो' 47 दिवस उलटं टांगलेलं राहिलं. कापलेल्या कागदाचं काम, होडीचं शीड आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब. वर काय आणि खाली काय, हा प्रश्न तज्ज्ञांना पडला नाही. पडला तो तिकीट काढून आलेल्या एका बाईंना. खऱ्या शिडापेक्षा प्रतिबिंबात तपशील जास्त कसा, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा चित्र सुलट झालं. तोवर समोरून कितीतरी हजार माणसं गेली होती, बहुतेक सगळी मान डोलावत.

त्या बाईंसारखं पाहायला कसं शिकावं? भिंतीवर चित्राशेजारी लावलेले लांबलचक परिच्छेद वाचून ते येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. 'अवकाश आणि अस्तित्व यांच्यातील द्वंद्व' वाचून झालं की चित्राकडे पाहायचा जोरच ओसरतो. त्यापेक्षा मागच्या खोलीत जावं.

बहुतेक दालनांना अशी एक मागची खोली असते. टेबलांवर वर्षानुवर्षांचे रंगांचे थर, बेसिनच्या कडेला धुवायचे राहिलेले ब्रश, दोरीला चिमट्यांनी अडकवलेले ओले कागद. इथे कार्यशाळा भरतात. मुलांची असेल तर पहिल्या मिनिटापासून गोंगाट. मोठ्यांची असेल तर पहिली पंधरा मिनिटं नुसती दिलगिरी. 'मला काही येत नाही हं', 'शाळा सुटली तसा ब्रश सुटला', 'मी आपली हिच्याबरोबर आले'. शिकवणाऱ्या ताईंना हे सगळं तोंडपाठ असतं. "काका, येत असतं तर तुम्ही आला असता का इथे? बसा बरं," म्हणत त्या हातात अवजार देतात.

कार्यशाळाही ऋतू पाहूनच येतात. ऊन कडक असलं की सायनोटाइप, म्हणजे उन्हाने निळं चित्र छापणं. 1842 साली जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधलेली ही पद्धत; पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या वनस्पतिअभ्यासक बाईंनी ती वापरून समुद्रशेवाळांची चित्रं छापायला सुरुवात केली. लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदावर फासायचे, अंधारात वाळवायचे, वर पान किंवा पीस ठेवून काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. पिवळट हिरवा कागद बघता बघता काळपट राखाडी होतो. मग पाण्यात बुडवला की सगळीकडे गडद निळं आणि पानाच्या जागी पांढरं. ढग आला की सगळे वर बघत उभे. पुढच्या दालनात ज्या उन्हाला मज्जाव, त्याचीच इथे मागच्या दारी मनधरणी चाललेली असते, आणि दोन्हीकडे कारण एकच, की उजेड कागदावर काहीतरी कायमचं करून जातो.

लिनोकटला, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून त्याचा ठसा घेण्याला, ऊन लागत नाही, पण थंडीत त्याची वेगळी गंमत. लिनोलियम हे जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांचं, मागे तागाचं कापड असलेलं. 1860च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टनने ते इंग्लंडात जमिनीवर अंथरायला म्हणून आणलं. कलाकारांनी ते उचलून टेबलावर घेतलं. गारठ्यात ते कडक होतं, कोरणी घसरते. ताई सांगतात, "जरा वेळ त्याच्यावर बसा." एरवी गंभीर चेहऱ्याची माणसं मग आपापल्या तुकड्यावर बसून राहतात. ऊब लागली की लिनो लोण्यासारखा कापला जातो, कोरणीपुढे बारीक वळी उठत जाते. दुसरा हात कायम पात्याच्या मागे, हा नियम कोणी ना कोणी मोडतोच, म्हणून पट्ट्यांचा डबा उघडाच ठेवलेला असतो. ठसा उलटा उमटणार हेही आधी सांगितलेलं असतं, तरी एखाद्याच्या चित्राखालची सही आरशातच वाचावी लागते.

मग शाई. काचेवर रोलर फिरवताना शाई जास्त असली तर चपचप आवाज येतो. ती पातळ, सारखी पसरली की आवाज बदलतो, बारीक चरचर येऊ लागते. ताई खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोऱ्या असतात आणि तिथून सांगतात, "झाली, आता लावा." ठोकळ्यावर शाई, वर कागद, कागदाच्या पाठीवर चमच्याने गोल गोल घासायचं. एक कोपरा उचलून पाहायचा. पहिला ठसा बहुधा मिचमिचा येतो, शाई कमी, मध्ये ठिपके. दुसऱ्यापासून खोलीतली बडबड बंद होते.

अशा कार्यशाळांबद्दल माझी एक तक्रार आहे. काही ठिकाणी नमुना ठरलेला असतो, एकच घुबड किंवा एकच फूल, आणि दोन तासांनी वीस घुबडं रांगेत वाळत पडतात. प्रत्येकाला घरी न्यायला काहीतरी देखणं मिळावं, हा हेतू चांगला असेलही. पण हातात कोरणी देऊन डोकं काढून घेण्यासारखंच ते. वाकडं का होईना, काय कोरायचं आणि काय सोडायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, कारण पुढच्या दालनात जाऊन त्याचाच उपयोग होतो.

म्हणजे काय, तर हात काळे घेऊन कार्यशाळेतली माणसं बाहेर येतात आणि भिंतीवरच्या छापचित्रांपुढे थबकतात. सकाळी जाताना ज्याच्यावरून नजर घसरली होती, त्याच चित्रापाशी आता घोळका. पांढरी रेघ काढलेली नाही, तिथलं काढून टाकलेलं आहे, हे आता मनगटाला ठाऊक असतं. काळा भाग म्हणजे जिथे कलाकाराने हात आवरला. "हे बघ, आभाळात कोरणीचे माग तसेच ठेवलेत," कोणीतरी म्हणतं. "राहून गेलेत का ठेवलेत?" यावर वाद होतो. पिकासोने 1950च्या दशकाच्या अखेरीस एकाच ठोकळ्यातून एकेक रंग छापत, दर खेपेला तोच ठोकळा आणखी कोरत लिनोकट केले. पुढे गेलं की मागचं काही हाती उरत नाही. हे वाचलेलं असणं वेगळं आणि नुकतंच एक चुकीचं पान कोरून आल्यावर आठवणं वेगळं. अंगावर येतं ते.

मातीकामाच्या कार्यशाळेला सर्वांत जास्त गर्दी, आणि वस्तू न्यायला परत येणारे सर्वांत कमी. त्याला कारण आहे. माती सावकाश, आतपर्यंत वाळावी लागते. ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं फुटतं. मग भाजणी, मग झिलई, मग पुन्हा भाजणी. तोवर करणाऱ्याचा उत्साह मावळलेला असतो. मागच्या खोलीत खिडकीखाली एक फळी आहे, तिच्यावर हे बेवारस वाडगे, तिरके मग आणि झाकण न बसणारे डबे रांगेने उभे आहेत. पुढच्या भिंतींवर ऋतूमागून ऋतू चित्रं येतात आणि जातात. दालनाचा कायमस्वरूपी संग्रह म्हणावा असा हा एवढाच. भाजलेल्या मातीला 50 लक्सचं बंधन नाही, त्यामुळे तो भर उन्हात मांडलेला आहे. ताई त्यात ब्रश ठेवतात. जे गळतात, त्यांत पेन्सिली.