बरोबर उत्तराला लाल फुली

विज्ञानाच्या स्वाध्यायात मूल 'ऑक्सिजन' लिहितं. ॲपमध्ये साठवलेलं उत्तरही 'ऑक्सिजन'. तरी लाल फुली. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, त्यामुळे मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मराठी शैक्षणिक ॲपांत बक्षिसांच्या ताऱ्यांवर भरपूर वेळ जातो आणि उत्तराची चौकट मात्र ज्याच्या वाट्याला जो पडदा आला त्यानं आपापली केलेली असते. डिझाइन सिस्टीम (सगळ्या पडद्यांसाठी एकदाच ठरवलेले भाग आणि नियम) उभी करायची तर बटणांच्या रंगाआधी ही चौकट हातात घ्यावी.

घोळ होतो तो असा. 'ऑ' हे युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, एक स्वतंत्र चिन्ह आहे, यू+०९११. पण 'आ' टाइप करून त्यावर चंद्र (यू+०९४५) दिला, तरी बहुतेक फॉन्टांत तसंच दिसतं. 'ॲ'ची तीच गत: एक सुटं चिन्ह, नाहीतर 'अ' अधिक चंद्र. एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराचे वेगवेगळे चिन्हक्रम एकसारखे करणारी युनिकोडची रीत) या जोड्या एक करत नाही. त्यासाठी स्वतःचा तीन ओळींचा तक्ता ठेवावा लागतो: आ+चंद्र म्हणजे ऑ, काना+चंद्र म्हणजे ॉ, अ+चंद्र म्हणजे ॲ.

यापेक्षा नाजूक मामला 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांचा. पहिला स्वयंपाकी, दुसरे गुरुजी. स्वयंपाक्याच्या शब्दातला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो: यू+०९३१ (ऱ) वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (यू+२००D, म्हणजे झेडडब्ल्यूजे) घालून. तुलनेआधी सगळी अदृश्य चिन्हं सरसकट पुसली, की दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेला स्वयंपाकी गुरुजी होऊन बसतो. म्हणून क्रम पाळायचा. आधी एनएफसी. मग र-हलन्त-जोडक याचं ऱ-हलन्त करायचं. त्यानंतरच उरलेले जोडक आणि तोडक (अक्षरं जुळू न देणारं अदृश्य चिन्ह) काढायचे ('वाङ्‌मय'मध्ये तोडक असतो, आणि काही कीबोर्ड तो घालतच नाहीत). शेवटी चंद्राचा तक्ता, आणि मागच्यापुढच्या मोकळ्या जागा.

गणितात वेगळंच. मूल १२ लिहील किंवा 12, दोन्ही बरोबरच. जावास्क्रिप्टला देवनागरी १२ ही संख्या वाटत नाही, उत्तर 'नॅन' (म्हणजे 'संख्या नाही') येतं. नंबर प्रकारची इनपुट चौकट देवनागरी अंक घेईल की नाही, हे ब्राउझरवर आणि त्याच्या भाषेवर ठरतं. नाही घेतले तर हाती रिकामी किंमत येते. चौकट साध्या मजकुराची ठेवा, इनपुटमोड न्यूमरिक द्या (म्हणजे अंकांचा कीबोर्ड उघडतो) आणि अंक आपणच बदलून घ्या.

आता ऱ्हस्व-दीर्घ. विज्ञानाच्या प्रश्नाला 'उर्जा' लिहिलं म्हणून गुण कापणं मला पटत नाही. मराठीच्या तासाला कापावेत. तेव्हा चौकटीला 'शुद्धलेखन: कडक / सैल' अशी सोय हवी आणि ती प्रश्न तयार करणाऱ्या शिक्षकाच्या हातात हवी. सैल असताना बरोबर आणि चूक यांच्यामध्ये तिसरी अवस्था लागते: 'उत्तर बरोबर. असं लिहा: ऊर्जा'. ती पिवळ्या अक्षरांत नको. पांढऱ्यावर पिवळं ४.५:१ या किमान कॉन्ट्रास्टच्या जवळपासही जात नाही. फिक्या पिवळ्या पट्टीवर गडद अक्षरं, शेजारी खूण. नुसत्या रंगावर भिस्त ठेवली तर रंगांधळ्या मुलाला तिन्ही अवस्था सारख्याच.

मजकुराच्या टोकनांबद्दल, म्हणजे सगळीकडे वापरायच्या ठरावीक मापांबद्दल, थोडक्यात. इंग्रजीसाठी ठरवलेली १.२ लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) मराठीला पुरत नाही. 'मूर्तींची'मधला रफार, वेलांटी आणि अनुस्वार वर कापले जातात. १.६ पासून सुरुवात करा. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच, नाहीतर शिरोरेखा तुटते. बटणाला ठरावीक उंची न देता किमान उंची द्या. पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, पहिली-दुसरीच्या मुलांना ओळखीचे.

अक्षरागणिक एक घर असलेली कोडी करणार असाल तर 'क्षेत्रफळ' घालून बघा. दिसायला चार अक्षरं, आत नऊ चिन्हं. ब्राउझरचा सेगमेंटर (शब्दाची अक्षरांत फोड करणारा भाग) जुना असेल तर क् एका घरात आणि षे दुसऱ्या घरात जातो. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली आला, आणि शाळेतल्या टॅबपर्यंत तो पोचला असेलच असं नाही. शब्दाची फोड प्रश्नाच्या डेटातच लिहून ठेवलेली बरी: क्षे, त्र, फ, ळ.